तिसरी फळी

शनिवारी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी, पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका घराच्या पडवीत, माझ्या लॅपटॉपवर एक शब्द उमटला. त्या वेळी कळांवर कोणाचाही हात नव्हता. वेळ मी लगेच वहीत लिहिली. गावाचं नाव देत नाही, कारण त्या घराचं एक प्रकरण कोर्टात आहे.

मी अलिबागच्या एका दैनिकात सव्वीस वर्षं उपसंपादक आहे. मला एक छंद आहे आणि गेले अकरा महिने त्यानं मला पुरता वैताग आणला आहे. ऐंशीच्या दशकात संगणकावर चित्रं नसलेले खेळ असत. तुम्ही कुठे उभे आहात, समोर काय आहे, हे पडद्यावर लिहून येई. खेळणाऱ्यानं दोन शब्दांत हुकूम द्यायचा: दिवा घे, दार उघड. संगणकाला शब्द कळला तर तो पुढचं सांगे, नाही तर ‘हा शब्द मला येत नाही’ म्हणून गप्प बसे. हौशी लोक हे खेळ एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर, कोणाची परवानगी न घेता, स्वतः टंकून उतरवत. उतरवताना आपल्या मनाचंही घालत. अशा नकला आपल्या भागात कोणी केल्या आणि कोणावरून केल्या, याचा मी माग काढतो.

पद्धत मुद्रितशोधनाची आहे. चूक वारशानं जाते. एका नकलेतली चूक दुसरीत सापडली, तर दुसरी पहिलीवरून उतरवली असं समजायचं. आणि एकदा काढून टाकलेली गोष्ट आपोआप परत येत नाही. कोणी तरी ती पुन्हा घालावी लागते. माझा सगळा धंदा या दोन वाक्यांवर चालतो.

पहिली नकल पेणला क्रांती जोशी या निवृत्त शिक्षिकेकडे मिळाली. सत्त्याऐंशी साली त्यांच्या शाळेला सरकारी योजनेत दोन संगणक मिळाले होते. प्रयोगशाळेत सहायक असलेल्या रावजी घरत या तरुणानं परदेशी मासिकात छापलेला गुहेचा एक खेळ घेतला आणि गुहेच्या जागी आपलं मिठागर घातलं. क्रांतीबाईंनी प्रोग्रॅमची छापील प्रत जपली होती, म्हणजे तिच्या पाठकोऱ्या बाजूंवर त्यांच्या मुलीनं, मृणालीनं, रांगोळीचे ठिपके काढले होते. चार पानं गायब होती.

“ती पानं मृणालीनं शेजारी दिली असतील,” बाई म्हणाल्या.

“शेजारी कुठे राहतात?”

“ते आता कॅनडात असतात.”

तरी उरलेल्या पानांवरून खेळ कळत होता. भाषा मराठी, लिपी रोमन, कारण त्या यंत्राला दुसरी लिपी येत नव्हती. खेळणारा घरापासून निघतो. समोर मिठाचे छत्तीस वाफे, सगळे एकसारखे. पहिला घराला लागून, छत्तिसावा उघाडीपाशी. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातली पाण्याची वाट. ओहोटीला ती मोकळी ठेवतात, भरतीला तिच्या खाचेत एकावर एक तीन फळ्या बसवून बंद करतात. वाफ्यांत पडलेल्या तीन फळ्या शोधायच्या आणि भरती येण्याआधी उघाडी लावायची. लावली तर जिंकलात.

मूळ खेळात दिव्यातलं तेल संपत जाई. रावजीनं तेलाच्या जागी भरती घातली होती. प्रोग्रॅम सुरू होताच विचारी, ‘आज तिथी कोणती?’ मग आपल्याकडचे खाडीकाठचे लोक करतात तोच हिशेब करी: तिथीची पाऊणकी. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती. अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. त्यात रावजी आणखी पन्नास मिनिटं मिळवत होता. का, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. मी समासात लिहिलं: चूक?

“रावजी भेटेल का?” मी विचारलं.

“अठ्ठ्याऐंशीच्या पिठोरी अमावास्येला गेला तो,” क्रांतीबाई म्हणाल्या. “भर दुपारी. उघाडीची एक फळी निसटली होती म्हणून दुसरी खांद्यावर घेऊन बांधावर गेला. बांध फुटून खांड पडली. फळीही नाही मिळाली आणि तोही नाही. त्याची बहीण आहे, ठमीबाई. जाऊन या. पण ‘मेला’ हा शब्द तिच्यासमोर काढू नका.”

ठमीबाईंचं वय सत्तर. लग्नानंतर वर्षाच्या आत विधवा होऊन माहेरी आल्या आणि आई नसलेल्या रावजीला त्यांनीच वाढवलं. घरात आता त्या, त्यांच्या दुसऱ्या भावाचा मुलगा रितेश, त्याची बायको आणि दोन लहान मुलं. रितेश ट्रेलर चालवतो. बांध फुटल्यापासून मिठागर गेलं आणि आता प्रत्येक मोठ्या भरतीला खाडीचं पाणी चुलीपर्यंत येतं. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला खाराची पांढरी रेघ होती. वरच्या अंगाला नवीन जागा मंजूर झाली होती, पण घर रावजीच्याही नावावर होतं. तो हयात नाही असं ठमीबाईंनी कोर्टात लिहून दिल्याशिवाय काही हलणार नव्हतं. सदतीस वर्षांत त्यांनी ते लिहून दिलेलं नव्हतं.

“आते, लेकरं झोपल्यावर त्यांच्या आंथरुनात पानी येतं,” रितेश माझ्यासमोर त्यांना म्हणाला. “त्यांचा तरी इचार कर.”

“करतंय. पन जिता मानूस मेला म्हनून आंगठा कसा देऊ?” मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “तू कागदवाला ना? त्यानं ते मशिनीत लिवलेलं तुला कलतं?”

“कळतं.”

“मंग मना येवढं सांग. त्या अमुशेनंतर त्यानं काय लिवलंय का? लिवलं असंल तर तो हाय. न्हाय तर देते आंगठा.”

कोर्टाची तारीख पिठोरीनंतरच्या मंगळवारी होती. माझ्या हातात सात आठवडे होते. पडवीच्या कोपऱ्यात काळ्या पडलेल्या दोन जाड फळ्या भिंतीला टेकवलेल्या होत्या. फुटलेल्या उघाडीतून तेवढ्याच मिळाल्या, असं रितेशनं सांगितलं. मी त्या मोजून वहीत लिहिल्या. दोन.

दुसरी नकल मुरुडला अल्पेश शहांकडे होती. एसटी स्टँडजवळ त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. पहिल्या खेपेला दुकान बंद, कारण ते भावनगरला लग्नाला गेलेले. दुसऱ्या खेपेला कॅसेट भावाकडे. तिसऱ्या खेपेला कॅसेट मिळाली.

“बेसो, बेसो. पण साहेब, एक बाजू गेली हां,” अल्पेशभाई म्हणाले. “आमच्या अमिषाने त्यावर गरबा भरला.”

“कुठल्या बाजूवर?”

“तेच तर आठवत नाही ना!”

त्यांनी ही नकल नव्वद साली, टीव्हीला जोडायच्या छोट्या संगणकासाठी केली होती. रावजी घरत गेल्यावर शाळेतल्या एकाकडून प्रत मिळाली, असं ते म्हणाले. ती पन्नास मिनिटं त्यांनी काढून टाकली होती, आणि त्याचा त्यांना अजून अभिमान होता.

“चुकीचा हिशेब होता भाई. पाऊणकी म्हणजे पाऊणकी. वरती पन्नास कशाला? आमच्या मुरुडला अमावास्येला सव्वाअकराला फुल पाणी.”

चौथ्या खेपेला, कॅसेट वाचून झाल्यावर, मी विचारलं, “आणि तो माणूस तुम्ही घातलात?”

“कोण माणूस?”

अकरा ठिकाणी तुटलेल्या त्या कॅसेटमधून मजकूर काढायला मला तीन आठवडे लागले होते. छत्तिसाव्या वाफ्यात तिसऱ्या फळीऐवजी ही ओळ होती: ‘बांधावर एक माणूस पाठमोरा उभा आहे. त्याच्या खांद्यावर फळी आहे.’ फळी घे म्हटलं तर ‘ती त्याची आहे’ असं उत्तर येई. माणसाला हाक मारली तर ‘हा शब्द मला येत नाही’. म्हणजे खेळ जिंकताच येत नव्हता.

“मी काय वेडा आहे, जिंकता येणार नाही असा गेम बनवायला?” अल्पेशभाई चिडले. त्यांची जुनी वही त्यांनी माझ्यापुढे आपटली. प्रत्येक बदल तारखेसह लिहिलेला होता. माणसाची नोंद नव्हती.

तिसरी नकल चौलला, प्रीतम राऊतच्या वाडीत. नारळी-पोफळींत पंपाची खोली, तिथे बिस्किटांच्या डब्यात सतरा फ्लॉप्या. पंधरा वाचल्या गेल्या नाहीत. सोळावीवर त्याच्या बहिणीची पत्रिका होती. सतरावीवर खेळ होता. चौऱ्याण्णव साली, फक्त अल्पेशभाईंच्या कॅसेटवरून उतरवलेला.

“दुसरी कुठली प्रत पाहिली होतीस?”

“दुसरी होती हेच आज कळतंय मला,” प्रीतम म्हणाला. “पोरांनी किती शिव्या घातल्या होत्या मला. म्हणे, तो फळीवाला तुझा मामा आहे का, त्याला सांग ना फळी द्यायला.”

मी प्रोग्रॅम ओळीओळीनं तपासला. माणूस होता, पण छत्तिसाव्या वाफ्यात नव्हता. विसाव्यात होता. पाठमोराही नव्हता. आणि पाऊणकीच्या ओळीत पन्नास मिनिटं परत आली होती.

मी ते तीनदा तपासलं. अल्पेशच्या कॅसेटमध्ये पन्नास नाही. प्रीतमनं पाहिली ती फक्त कॅसेट. तरी प्रीतमकडे पन्नास आहे.

“ही पन्नास तू घातलीस?”

“मी कशाला? मी चौलचा. मला मिठागरातलं काय कळतं?”

दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता, किंवा दोघांनाही आठवत नव्हतं. अशा वेळी बातमी थांबवतात. पण मला मंगळवारची तारीख होती.

चौथी नकल मी स्वतः केली. रावजीनं मुळात जे लिहिलं असेल ते शुद्ध स्वरूपात परत उभं करायचं, एवढाच हेतू. क्रांतीबाईंच्या छापील पानांवरून ओळन्‌ओळ टंकली. गहाळ चार पानांपुरता प्रीतमचा मजकूर घेतला आणि त्यातला माणूस काढून टाकला, तिसरी फळी छत्तिसाव्या वाफ्यात परत ठेवली. मग सगळ्या मजकुरात ‘माणूस’ हा शब्द शोधला. शून्य वेळा. दोनदा वाचून पाहिलं. सव्वीस वर्षांत मी इतकं स्वच्छ पान सोडलेलं नाही.

पिठोरीच्या शनिवारी सकाळी साडेदहाला मी त्या घरी पोचलो. पाऊस थांबला होता. अंगणापलीकडे मिठागर होतं तिथे आता कांदळवन आहे आणि त्याच्या मुळांत खाडी चढत होती. रितेशनं मला बाहेरच गाठलं.

“सर, तुम्ही फोनवर बोल्लात ते पन्नास मिन्टांचं. तेवढं तिला सांगू नका.”

“त्यांनी विचारलं तर सांगावं लागेल.”

“तुम्ही बातमी देऊन अलिबागला जाल. मी पान्यात हाय.”

तरी मी ठमीबाईंना सांगितलं. त्या पन्नास मिनिटांचा अर्थ मला लागत नव्हता, पण त्यांना लगेच लागला.

“खाडीच्या तोंडाशी पानी भरतं तवा पाऊनकी,” त्या म्हणाल्या. “आत आमच्या उघाडीवर यायला पन्नास मिन्टा लागतात. आमच्या बाला म्हाईत व्हतं आन रावजीला. मुरुडच्या शेटला कसं कललं आसंल?”

“त्यांना नाही कळलं. त्यांनी काढून टाकलं. नंतर कोणी तरी परत घातलं.”

“कवा?”

“चौऱ्याण्णव सालच्या आत.”

“मंग तो हाय,” त्या म्हणाल्या. “आंगठा न्हाय देत मी.”

रितेश अंगणात जाऊन ट्रेलरच्या चाकाला टेकून, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. आत त्याच्या धाकट्या मुलीला खोकला लागला होता.

घरात पिठोरी, मुलांच्या आयुष्यासाठीची पूजा, मांडलेली होती. पूजेनंतर खीर-पुरीचं ताट डोक्यावर मागच्या बाजूला धरून बाई विचारते, ‘अतीत कोण?’, म्हणजे दारी आलेला पाहुणा कोण. मूल मागून ‘मी’ म्हणतं आणि ताट घेतं. बाईनं मागे बघायचं नसतं. हे संध्याकाळी करतात. ठमीबाई ते त्या दिवशीच्या भरतीला करत, कारण रावजी गेला तो भरतीला. दर वर्षी विचारत, थांबत, मग ताट खाली ठेवत.

“येल हाय आजून,” त्या म्हणाल्या. “तवर त्यानं काय लिवलंय ते वाचून दाखव.”

अकरा चाळीसला मी प्रोग्रॅम सुरू केला. तिथी विचारली. अमावास्या. भरती बारा पाच, असं त्यानं लिहिलं. मी मोठ्यानं वाचत गेलो. तिसऱ्या वाफ्याशी बाभळीचं खोड, अकराव्यात मोडकं फावडं. ठमीबाई मान डोलवत होत्या. “व्हय. फावडं बाचं.”

पहिली फळी नवव्या वाफ्यात मिळाली. दुसरी सव्विसाव्यात.

छत्तिसावा वाफा. ‘उघाडी मोकळी आहे. इथे काही नाही.’

मी तिथे तिसरी फळी स्वतः ठेवली होती. टंकताना चुकलो, असं मला वाटलं आणि स्वतःचाच राग आला. बाईंना काही न सांगता मी परत फिरलो. एक एक वाफा तपासत घराकडे येत गेलो. विसावा. रिकामा. दहावा. रिकामा. पहिला. रिकामा.

अकरा अठ्ठावन्न. मी ‘घर’ असं टंकलं.

‘घर. पडवी. दाराशी एक माणूस उभा आहे. त्याच्या खांद्यावर फळी आहे.’

हे मी मोठ्यानं वाचलं नाही.

दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. रितेश अजून ट्रेलरपाशीच होता.

खेळ बंद न करता मी मजकुराची फाइल उघडली. ‘माणूस’ शोधला. शून्य वेळा.

“झाली येल,” ठमीबाई म्हणाल्या. ताट घेऊन त्या दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या समोर, खाली जमिनीवर. लॅपटॉप माझ्या मांडीवर, हात गुडघ्यांवर.

अंगणाच्या कडेला पाणी आलं होतं.

“अतीत कोन?” त्यांनी विचारलं.

पडद्यावर शब्द आला. ‘मी.’

मी काही बोललो नव्हतो. कोणाचाच आवाज मला आला नाही.

ठमीबाईंनी ताट हळूच सोडलं. पडल्याचा आवाज झाला नाही. मला त्यांच्यामागचं दिसत नव्हतं, आणि उठून बघावं असं मला वाटलं नाही.

“आवाज बसलाय रं तुजा,” त्या म्हणाल्या.

बारा सहा. पडद्यावर शेवटची ओळ होती: ‘उघाडी लागली. तुम्ही जिंकलात.’

त्या बराच वेळ वळल्या नाहीत. मग पदरानं तोंड पुसून मला म्हणाल्या, “रितेशला बोलाव. आंगठा देते.”

“तुम्ही तर म्हणालात, तो आहे.”

“जिता असता तर दारात ताटकलला नसता. आत आला असता.” त्यांनी पदर खोचला. “आला ना घरी. झालं मंग.”

मंगळवारी पेणच्या कोर्टात त्यांनी अंगठा दिला. मी हजर होतो. सरकारी टंकलेखकानं मृत्यूची तारीख विचारली तेव्हा त्यांनी गेल्या शनिवारची सांगितली. वकिलानं ती अठ्ठ्याऐंशीची करून घेतली. माझ्या नोंदीत दोन्ही आहेत.

बुधवारी मी कॅसेटवरचा आणि फ्लॉपीवरचा मजकूर पुन्हा तपासला. दोन्हीत माणूस नाही. तिसरी फळी छत्तिसाव्या वाफ्यात आहे. पन्नास मिनिटं कॅसेटमध्ये नाहीत आणि फ्लॉपीतही नाहीत. माझ्या वहीत मात्र त्या ओळी जुलैच्या तारखांसह माझ्याच अक्षरात उतरवलेल्या आहेत. अल्पेशभाईंना फोन केला तर ते म्हणाले, “मी तेव्हाच सांगितलं होतं ना, माणूस नव्हता म्हणून?”

गुरुवारी सकाळी रितेशचा फोन आला. नव्या जागेकडे सामान हलवायला त्यांनी सुरुवात केली होती.

“सर, तुम्ही शनवारी येताना कुठनं फळी आनली होती का?”

“नाही.”

“पडवीत तीन हाईत. दोनच होत्या ना?”

“दोन. मी मोजल्या आहेत.”

“तिसरी ओली हाय. कालपासनं उन्हात टाकली. पोरं बोलतात, खाली पानी साचतं. चाखलं तर खारं.”

“ठमीबाई काय म्हणतात?”

“ती बोलते, असू दे, दमला असंल.”

आज रविवार. सकाळी साडेनऊला मी पुन्हा फोन केला. सामान सगळं वर गेलं आहे, फळ्याही. चार दिवस पेणला कडक ऊन आहे. फळी अजून ओली आहे.